न्यूरोफीडबॅक आणि निद्रानाश : सरोजिनी नगरातील कामाची काही निरीक्षणे

दीर्घकालीन निद्रानाश ही संज्ञा वैद्यकात एका ठरावीक मर्यादेनंतरच वापरली जाते. झोप लवकर न लागणे, मध्यरात्री मोडणे किंवा पहाटे वेळेआधीच उडणे यांपैकी काही आठवड्यातून किमान ३ रात्री घडत असेल, ते किमान ३ महिने चालले असेल, झोपायला वेळ आणि जागा असूनही घडत असेल आणि त्याचा ताण दिवसाच्या कामावर पडत असेल, तर त्या अवस्थेला हे नाव मिळते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे किंवा घरातल्या आजारपणाचे जागरण त्यात मोडत नाही. या विकारावरील औषधाविना उपचारांमध्ये न्यूरोफीडबॅकचे नाव अलीकडे मोठ्या शहरांतून कानावर येते. डोक्याच्या त्वचेवर ठेवलेल्या धातूच्या चकत्यांद्वारे मेंदूतील विद्युत् चढउतारांची नोंद घ्यायची, म्हणजे ईईजी काढायचा, आणि ती नोंद त्याच क्षणी पडद्यावरील चित्राच्या किंवा आवाजाच्या रूपाने त्या व्यक्तीला परत दाखवून तिच्याकडून विशिष्ट लहरी वाढवून घ्यायच्या, असे या तंत्राचे स्वरूप आहे. मानसशास्त्र ज्याला साधक अभिसंधान म्हणते, म्हणजे हव्या त्या वर्तनाला लगोलग बक्षीस देऊन ते पक्के करणे, त्याचाच हा एक प्रकार असून येथे वर्तनाच्या जागी मेंदूची लहर असते. प्रस्तुत लेखिकेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून दक्षिण दिल्लीत सरोजिनी नगराजवळच्या एका लहान केंद्रात हे काम केले असून त्यातून बनलेले मत असे की, या उपचाराने अनेकांना बरे वाटते, मात्र त्याचे श्रेय ज्या लहरीला दिले जाते तिच्या पदरात ते टाकण्याइतका पुरावा हाती नाही.

सरोजिनी नगर बाहेरच्यांना ठाऊक असते ते स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे. मुळात ती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. पूर्वी तिला विनय नगर म्हणत, पुढे सरोजिनी नायडूंचे नाव मिळाले. निरनिराळ्या मंत्रालयांत नोकरी करणारी मराठी कुटुंबेही येथील क्वार्टरांतून राहिली, बदली झाली की सामान बांधून गेली, आणि काही पुन्हा दिल्लीच्या वाट्याला आली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, २०१८ च्या जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेथील झाडे तोडण्यास स्थगिती दिली, आणि त्या वादानंतरही जुन्या क्वार्टरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहण्याचे काम चालूच राहिले. बांधकामाची धूळ, पाडापाडीचा आवाज, दिवसा प्रवेशबंदी असल्यामुळे रात्री उशिरा रिंग रोडवर सुटणारे मालट्रक, यांनाच येथील माणूस प्रथम आपल्या झोपमोडीबद्दल जबाबदार धरतो, आणि सुरुवातीपुरते ते खरेही असते.

पण सुरुवात करणारे कारण आणि विकार टिकवून धरणारे कारण वेगळे असू शकते. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ च्या सुमारास मांडलेल्या प्रतिमानात निद्रानाशामागच्या कारणांचे तीन थर केलेले आहेत: स्वभावात किंवा शरीरात आधीपासून असलेली प्रवणता, विकाराला निमित्त ठरणारी घटना, आणि निमित्त संपल्यावरही तो चालू ठेवणाऱ्या सवयी. घर बदलणे, बदलीची ऑर्डर, निवृत्ती किंवा मुलाचे परदेशी जाणे हे निमित्त झाले. त्यानंतर झोप भरून काढण्यासाठी रात्री नऊलाच अंथरुणावर पडणे, रविवारी दुपारी ताणून देणे, मोबाईलवर दर अर्ध्या तासाने वेळ पाहणे आणि सकाळी डोळे उघडे असूनही अंथरूण न सोडणे, हे सारे तिसऱ्या थरातले. केंद्रात येणाऱ्या बहुतेकांकडे निमित्ताची कथा तपशीलवार तयार असे. या सवयींचा उल्लेख मात्र विचारल्याशिवाय होत नसे, कारण येणारे त्यांना उपायच समजत असत.

येणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी असे. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही झोपेसाठी सर्रास घेतली जाणारी औषधे २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ मध्ये आहेत, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याने डॉक्टर, रुग्ण व औषध यांची नोंद ठेवून ती वही ३ वर्षे जपायची असते. तरीही ‘गोळीची सवय लागेल’ ही भीती आणि ‘गोळीशिवाय जमणार नाही’ ही भीती एकाच माणसात शेजारी शेजारी राहते, आणि मशीनकडे वळण्याची इच्छा बहुधा या दोहोंच्या कात्रीतून जन्मते. येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे भाग असते. एक, अशी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर झोप पूर्वीपेक्षाही जास्त उडते, म्हणून ती कमी करण्याचा निर्णय ज्याने ती लिहून दिली त्या डॉक्टरचाच असला पाहिजे. दुसरी गोष्ट मशीनच्या जाहिरातीत सहसा नसते: अल्प्राझोलामच्या गटातील औषधांनी ईईजीमधील बीटा, म्हणजे साधारण १३ ते ३० हर्ट्झच्या वेगवान लहरी वाढतात, त्यामुळे रात्री गोळी घेऊन आलेल्या माणसाचा आलेख पाहून ‘तुमचा मेंदू फार उत्तेजित आहे’ असे सांगणारा तंत्रज्ञ प्रत्यक्षात गोळीचा परिणाम वाचत असतो.

या तंत्राचा इतिहास सरोजिनी नगरापासून फार दूरचा नाही. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत् नोंद घेतली, १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात दिसणाऱ्या ८ ते १३ हर्ट्झच्या लहरीला अल्फा म्हटले. डोळे उघडताच किंवा आवाज होताच ही लहर विस्कटते, हे पुढे सर्वमान्य झाले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या एम्समध्ये, म्हणजे या वसाहतीपासून रिंग रोडने अगदी थोड्या अंतरावर, शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख बी. के. आनंद, त्यांचे सहकारी जी. एस. छीना आणि चेताविकारतज्ज्ञ बलदेव सिंग यांनी योग्यांचे ईईजी काढले आणि १९६१ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. समाधी लावलेल्या योग्यांवर तीव्र प्रकाश, मोठा आवाज, तापवलेल्या काचनळीचा स्पर्श यांचा मारा केला तरी त्यांची अल्फा लहर विस्कटली नाही; आणि थंड पाण्याची वेदना सहन करण्याचा सराव असलेल्या दोघांनी ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात ४५ ते ५५ मिनिटे बुडवून ठेवला, त्या वेळातही ती टिकून राहिली. मोजक्या माणसांवरचे हे प्रयोग होते, त्यातून मोठे नियम काढण्याची मुभा नव्हती, पण जागेपणीच्या लहरींवर सरावाने ताबा येऊ शकतो ही कल्पना त्यांनी जगभर पोचवली. त्याच सुमारास अमेरिकेत जो कामिया सामान्य माणसांना त्यांची अल्फा लहर ओळखायला शिकवत होते. महाराष्ट्राच्या वाचकाला येथे लोणावळ्याच्या कैवल्यधामची आठवण होणे साहजिक आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते स्थापन करून योगक्रियांचे प्रयोगशालेय मोजमाप सुरू केले, तेव्हा बर्गर यांचा निबंधही छापला गेला नव्हता.

निद्रानाशासाठी जी लहर वापरली जाते ती मात्र अल्फा नव्हे. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांना १९६० च्या दशकात मांजरांवर काम करताना दिसले की, खाऊची वाट पाहत निश्चल उभ्या राहिलेल्या मांजराच्या मेंदूच्या संवेदन-कारक पट्ट्यावर १२ ते १५ हर्ट्झची एक लय उमटते. ही लय उमटताच खाऊ द्यायचा असे केल्यावर मांजरे ती मुद्दाम आणायला शिकली. पुढे रॉकेटच्या इंधनातील एका विषारी द्रव्याच्या चाचणीत ही शिकलेली मांजरे इतरांपेक्षा उशिरा झटक्यांना बळी पडली, आणि तेथून अपस्मारावरील न्यूरोफीडबॅकला चालना मिळाली. झोपेच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष १९७० चा आहे: दिवसा या लयीचा सराव झालेल्या मांजरांच्या झोपेत ‘स्पिंडल’ वाढलेले आढळले. स्पिंडल म्हणजे झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात मेंदूच्या आतल्या भागातील थॅलॅमसमधून उठणारे, सेकंदभर टिकणारे, चातीसारखे मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते लहरींचे झुबके. बाहेरचे आवाज व स्पर्श मेंदूच्या वरच्या थरापर्यंत पोचू न देण्यात त्यांचा वाटा असतो, असे मानले जाते. दिवसा ही लय वाढवली तर रात्री स्पिंडल वाढतील आणि मालट्रकच्या आवाजाने जाग येणार नाही, अशी ही सरळ, आकर्षक तर्कशृंखला आहे.

प्रत्यक्ष सत्रात या तर्काआधी डोक्यावरच्या तेलाशी गाठ पडते. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने माप घेऊन मधला बिंदू ठरवायचा, त्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे ठरावीक अंतरावर केस बाजूला करून त्वचा खरखरीत जेलने घासायची, चिकट पेस्टमध्ये चकती बसवायची, दोन चिमटे कानांच्या पाळ्यांना लावायचे आणि त्वचा व चकती यांमधला विद्युत् रोध ५ किलोओहमच्या खाली आला की नाही ते पाहायचे, असा हा क्रम. आदल्या रात्री शांत झोप लागावी म्हणून खोबरेल तेलाने मालिश करून आलेल्या काकूंच्या डोक्यावर हा आकडा काही केल्या खाली येत नाही, आणि मग स्पिरिटचे बोळे फिरवताना त्यांना तेल का चालत नाही हे समजावून सांगण्यात सत्राचा चांगला भाग जातो. भिंतीतील वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण आलेखावर चढते, कूलर सुरू झाला की ती वाढते, आणि अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या बांधकामात ती दूर करणे हेच एक काम होऊन बसते.

त्याहूनही मोठा घुसखोर म्हणजे स्नायू. मेंदूच्या लहरी त्वचेवर मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षाव्या भागांत मोजाव्या लागतात. जबडा आवळला, कपाळ आक्रसले किंवा मान ताठरली तर स्नायूंची वीज त्यांच्यावर सहज मात करते, आणि ती नेमकी २० ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात जास्त दिसते. निद्रानाशाच्या नेहमीच्या कार्यक्रमात १२ ते १५ हर्ट्झ वाढवणे आणि २० ते ३० हर्ट्झ कमी करणे असे दोन्ही हेतू असतात, त्यामुळे बक्षीस म्हणून पडद्यावरची फिल्म उजळ होते तेव्हा मेंदू निवला की नुसता जबडा सैल पडला, हे आलेख बारकाईने पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या पाहण्यात सुरुवातीच्या काही बैठकांतील प्रगती बहुतांशी जबड्याची असे. ती निरुपयोगी नव्हती. वर्षानुवर्षे दात आवळून अंथरुणावर पडणाऱ्या माणसाला आपण दात आवळतो हे पहिल्यांदाच कळत होते. मात्र त्या माणसाला ‘तुमचा मेंदू बदलतो आहे’ असे सांगणे खरे ठरले नसते.

बक्षिसाचा उंबरठा असा ठेवतात की सुरुवातीला निम्म्याहून अधिक वेळ फिल्म उजळ राहावी, म्हणजे हुरूप टिकतो. यातील सर्वांत बोधप्रद भाग हा की, जो जास्त जोर लावतो त्याची फिल्म अंधारते. आयुष्यभर फाइलींवर अचूक टिपणे लिहिलेला एक निवृत्त सेक्शन ऑफिसर प्रत्येक सत्राआधी ‘मॅडम, आज किती स्कोअर आणायचा?’ असे विचारी, पडद्याकडे एकटक पाही, आणि त्याचा आलेख सर्वांत वाईट असे. एके दिवशी खोलीत उकाडा होता म्हणून त्याचे लक्ष पंख्याकडे गेले आणि तेवढी मिनिटे फिल्म अखंड उजळ राहिली, तेव्हा त्याला जे उमगले ते सांगून उमगले नसते. झोपेचेही असेच आहे: तिच्यामागे लागले की ती पुढे पळते, आणि निद्रानाशाचा रुग्ण हा बहुधा तिच्यामागे लागण्यात तरबेज झालेला माणूस असतो. हा प्रयत्न डोळ्यांना दिसेल असा समोर मांडणे, हे या यंत्राचे प्रस्तुत लेखिकेच्या मते खरे सामर्थ्य. पण ते दाखवायला १२ ते १५ हर्ट्झच हवेत असे नाही.

संशोधनाचा कौलही याच बाजूला झुकतो. पीटर हाउरी यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी जैवप्रतिसादाच्या, म्हणजे बायोफीडबॅकच्या, निरनिराळ्या प्रकारांची तुलना केली तेव्हा त्यांना असे आढळले की, शरीराने ताणलेले आणि शरीराने स्वस्थ असूनही न झोपणारे अशा दोन प्रकारच्या रुग्णांना निरनिराळा सराव मानवतो. स्वस्थ असणाऱ्यांना १२ ते १५ हर्ट्झच्या सरावाचा लाभ अधिक. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील गटाने २००८ मध्ये निरोगी तरुणांवर या सरावाचे अनुकूल परिणाम दाखवले, आणि त्यावरून यंत्रविक्रेत्यांची माहितीपत्रके पुष्कळ सजली. त्याच गटाने २०१७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो. २५ रुग्णांना काही आठवडे खरा प्रतिसाद आणि काही आठवडे लटका, म्हणजे त्यांच्या १२ ते १५ हर्ट्झच्या लहरींशी संबंध नसलेला प्रतिसाद देण्यात आला. कोणता कधी दिला हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि सराव घेणाऱ्यालाही, म्हणून अशा रचनेला द्विअंध म्हणतात. झोप सुधारल्याचे रुग्णांनी दोन्ही वेळा सारखेच सांगितले. रात्रभर ईईजी, श्वास व स्नायूंची नोंद घेणाऱ्या पॉलिसोम्नोग्राफीत कशानेही मोजण्याजोगा फरक पडला नाही. आपल्याच आधीच्या आशादायक निष्कर्षाला इतकी कठोर परीक्षा लावणारे संशोधक विरळा, आणि या क्षेत्राने त्यांचे जेवढे आभार मानायला हवेत तेवढे मानलेले दिसत नाहीत.

त्या अभ्यासात एक विशेष होता, तो रोजच्या कामातही वारंवार भेटतो. काही रुग्णांची तक्रार आणि नोंद जुळतच नाही: रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही असे ते शपथेवर सांगतात आणि पॉलिसोम्नोग्राफीत सहा-सहा तासांची झोप दिसते. ते खोटे बोलत नसतात. झोपेतही त्यांची जागरूकता पुरती मावळत नसावी, असा एक विचार आहे. अशा माणसाला नोंद दाखवून ‘तुम्ही झोपलात’ म्हटले तर तो दुखावतो आणि परत येत नाही, हे मराठी रुग्णांच्या बाबतीत विशेष जाणवते, कारण घरात आधीच ‘रात्रभर घोरत होतास’ असे ऐकून तो आलेला असतो.

औषधाविना उपचारांत भक्कम पुरावा आहे तो निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराचा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांसाठी तोच पहिला उपचार म्हणून सुचवला. त्याचा कणा दिसायला अगदी साधा असतो. झोपेची रोजनिशी दोन आठवडे भरायची, तीवरून प्रत्यक्ष झोप सरासरी किती ते काढायचे, आणि अंथरुणावरचा वेळ तेवढ्यावर आणायचा, पण सहसा ५ तासांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. म्हणजे साडेपाच तास झोपणाऱ्याने रात्री साडेबाराच्या आधी पाठ टेकायची नाही आणि सहाला उठायचेच, रविवार असो की सणवार. झोप येत नसेल तर अंथरुणावर पडून न राहता उठून बसायचे, ही रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये घालून दिलेली शिस्त. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, जेथे बाहेरच्या खोलीत आई झोपलेली असते आणि आतल्या खोलीत मुलाची बारावी चाललेली असते, तेथे ‘उठून दुसऱ्या खोलीत जा’ हा सल्ला पुस्तकात शोभतो. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातील स्टुलावर, मंद दिवा लावून, निवडायच्या भाजीसमोर बसणे असा त्याचा अवतार होतो, आणि तसाही तो लागू पडतो. अपस्मार किंवा उन्माद-अवसादाचा विकार असणाऱ्यांना, रात्री वाहन चालवणाऱ्यांना हा झोपेचा तुटवडा धोक्याचा ठरू शकतो, म्हणून ती चौकशी आधी करावी लागते.

‘मग योगनिद्राच का करू नये?’ हा प्रश्न मराठी घरांतून हटकून येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील आणि एम्समधील संशोधकांनी २०२१ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशाच्या रुग्णांमध्ये योगनिद्रेची तुलना बोधात्मक वर्तनोपचाराशी केली, तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता. तरी आडवे पडून ऐकण्याच्या, फुकट मिळणाऱ्या आणि तेल लावलेल्या डोक्यालाही चालणाऱ्या या सरावाशी महागड्या यंत्राने बरोबरी करून दाखवायची जबाबदारी यंत्रावरच येते.

या साऱ्याचा परिणाम म्हणून केंद्रातील क्रम उलटा झाला. पूर्वी पहिल्याच भेटीत सत्रांचे पॅकेज ठरे. नंतर आधी रोजनिशी आणि अंथरुणाची वेळ, आणि तेवढ्याने भागले नाही व रुग्णाची इच्छा असली तरच यंत्र, असे ठरले. यंत्राआधी सहीसाठी दिल्या जाणाऱ्या कागदावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असेही लिहिलेले असे की, द्विअंध चाचणीत लटक्या प्रतिसादानेही रुग्णांना तितकेच बरे वाटले. हे वाचून लोक पाठ फिरवतील अशी धास्ती होती. काहींनी फिरवलीही, पण बरेच जण राहिले, आणि त्यांची कारणे ऐकण्यासारखी होती: येथे फोन बाहेर ठेवावा लागतो, येथे कोणी हाक मारत नाही, येथे कोणीतरी शांत बसायला शिकवते. हिशेबात मुरलेल्या एका लेखाधिकारी बाईंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारले, ‘म्हणजे खोटं मशीन लावलं तरी चालेल ना, मॅडम? मग त्याचे पैसे कमी घ्या.’ त्यांना देण्याजोगे समर्थनीय उत्तर सापडले नाही, आणि पुढच्या दरपत्रकात यंत्राच्या सत्राचा दर साध्या समुपदेशनाच्या सत्राइतकाच करण्यात आला.